दुसरी बोली कोण लावणार?

प्रश्न : मी गेली 22 वर्षे तैलरंगात आणि जलरंगात काम करते आहे. तीन एकल आणि काही समूह प्रदर्शने झाली असून आतापर्यंत सुमारे 40 चित्रे विकली गेली, बहुतेक ओळखीतून किंवा ओळखीच्यांच्या ओळखीतून. अलीकडे एका लहान लिलावसंस्थेने त्यांच्या प्रत्यक्ष लिलावासाठी माझी 12 चित्रे मागितली आहेत. माझा भाचा मात्र म्हणतो की संस्थेची मध्यस्थी हवीच कशाला? ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर आपणच चित्रे टाकावीत, बोली नगण्य रकमेपासून सुरू करावी आणि राखीव किंमत (जिच्याखाली चित्र विकायचेच नाही ती) ठेवूच नये, म्हणजे गर्दी जमते. नाहीच जमली तर तो आणि त्याचे मित्र दोन-चार बोली लावून हवा तयार करतील. संस्थेच्या करारपत्रातले मला बरेच उमगलेले नाही. चित्रे कुठे द्यावीत, किती द्यावीत, राखीव किंमत किती ठेवावी? आणि लिलावाच्या दिवशी चित्रकाराने सभागृहात बसावे की बसू नये?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि नेमका तोच तुमच्या पत्रात आलेला नाही. तुमच्या चित्रावर दुसरी बोली कोण लावणार? पहिली बोली लावणारा बहुधा सापडतो. पण लिलावातली किंमत त्याच्या इच्छेने ठरत नाही. त्याच्याविरुद्ध बोली लावणाऱ्या दुसऱ्या माणसाने जिथे माघार घेतली, त्याच्या एक पायरी वर ती थांबते. एखाद्याला तुमचे चित्र इतके आवडले असेल की तो दुप्पट पैसे मोजायला तयार आहे, तरी समोर कोणी नसेल तर तो ते राखीव किमतीला, आणि राखीव किंमत नसेल तर सुरुवातीच्या बोलीलाच घेऊन जाईल. त्यात त्याचे काही चुकत नाही. प्रदर्शनात एका चित्राला एक माणूस पुरतो, लिलावाला किमान दोन लागतात, आणि तेही एकाच दिवशी, एकाच चित्रासाठी.

ही अडचण आजची नाही. 24 मार्च 1875 रोजी पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावगृहात मोने, रेन्वार, सिस्ले आणि बर्थ मोरिझो या चौघांनी आपली 73 चित्रे स्वतःहून लिलावात काढली. आधीच्या वर्षी भरवलेल्या प्रदर्शनातून पैसा उभा राहिला नव्हता आणि लिलावातून तो झटपट उभा राहील अशी त्यांची समजूत होती. गर्दी जमली, पण ती खिल्ली उडवायला जमली. गोंधळ इतका वाढला की पोलिसांना बोलवावे लागले. चित्रे अत्यंत कमी किमतीला गेली आणि काही तर चित्रकारांनाच परत विकत घ्यावी लागली. त्या दिवसाची सर्वांत मोठी बोली मोरिझोच्या एका चित्राला मिळाली, 480 फ्रँक. आज ज्यांच्यासाठी संग्रहालये एकमेकांशी चढाओढ करतात, त्या चित्रांची ही कथा आहे. चित्रांत दोष नव्हता. सभागृहात ती हवी असणारी माणसे जेमतेम होती.

त्याच द्रुओमध्ये 23 फेब्रुवारी 1891 रोजी पॉल गोगँ या चित्रकाराने 30 चित्रे विकायला काढली. त्याला पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाच्या प्रवासासाठी पैसे हवे होते. फरक असा की लिलावाच्या आठवडाभर आधी ऑक्ताव मिरबो या लेखकाने वृत्तपत्रात गोगँवर मोठा लेख लिहिला होता, मित्रमंडळी महिनाभर खटपट करीत होती, आणि सभागृहात चित्रकार देगासारखे ती चित्रे मनापासून हवी असलेले लोक बसले होते. देगाने त्या दिवशी एक व्यक्तिचित्र 450 फ्रँकांना घेतले. एकूण साडेनऊ हजार फ्रँकांहून अधिक रक्कम जमली आणि एप्रिलच्या आरंभी गोगँ प्रवासाला निघाला. शहर तेच, लिलावगृह तेच, आणि चित्रे तितकीच अपरिचित धाटणीची. पण दुसरी बोली लावणारी माणसे आधीच गोळा केलेली होती.

तुमचा भाचा कदाचित डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताचे उदाहरण देईल. 2008 च्या सप्टेंबरमध्ये त्याने सर्व कलादालनांना वगळून 223 कलाकृती थेट सदबीज या लिलावसंस्थेच्या लंडनमधील लिलावात दिल्या आणि दोन दिवसांत सुमारे 11 कोटी 10 लाख पौंडांची विक्री झाली. उदाहरण खरे आहे, पण त्याआधीची दोन दशके दालनांनीच त्याचे ग्राहक जमवले होते, हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहते.

म्हणून करारपत्राकडे वळण्यापूर्वी एक कागद घ्या आणि त्यावर तीन याद्या करा. तुमची चित्रे ज्यांनी घेतली त्यांची पहिली; ज्यांना एखादे चित्र हवे होते पण ते आधीच विकले गेले होते त्यांची दुसरी; आणि ज्यांनी नुसती किंमत विचारून नंतर काही कळवले नाही त्यांची तिसरी. माझ्या मते यांतील दुसरी यादी सर्वांत मोलाची आहे. त्या यादीत एकाच प्रकारच्या चित्रासाठी, उदाहरणार्थ मोठ्या आकाराच्या तैलचित्रासाठी, पाच-सहा नावेही निघत नसतील तर त्या प्रकारचे चित्र अजून लिलावात देऊ नका. लिलावसंस्थेकडे स्वतःचे ग्राहक असतात हे खरे, पण ते बहुधा ठाऊक असलेली नावे शोधत येतात, कारण लिलावाचा बाजार हा मुख्यतः एकदा विकल्या गेलेल्या कलाकृतींच्या पुनर्विक्रीचा बाजार आहे. चित्रकाराच्या हातून थेट आलेले, आधी कुठेही किंमत न नोंदलेले काम तिथे पाहुण्यासारखे असते.

आता संख्या. 12 चित्रे देऊ नका. संस्थेला कॅटलॉग भरायचा असतो, तुम्हाला नाही. मी अनेक वर्षे लिलावांच्या कॅटलॉगचे काम केले आणि लिलावाच्या दिवशी टेलिफोनवरून बोली लावणाऱ्या ग्राहकांसाठी हात वर करण्याचेही. एका संध्याकाळी एकाच चित्रकाराची सात चित्रे ओळीने होती, लॉट (लिलावातली एकेक वस्तू) क्रमांक 41 ते 47. 41 वर तिघे भिडले आणि अंदाजापेक्षा वरची किंमत मिळाली. तिघांतल्या जिंकलेल्या माणसाने पेन्सिल खाली ठेवून कॅटलॉग मिटला, कारण त्याला एकच चित्र हवे होते. 42 दुसऱ्याने घेतले, किंचित कमी किमतीला. 43 च्या वेळी तिसरा एकटाच उरला होता आणि त्याच्या ते लक्षात आले. त्याने सावकाश, राखीव किमतीला ते उचलले. 44 पासून सभागृहात कागद चाळल्याचा आवाज तेवढा येत होता. 'एक वार, दोन वार' म्हणण्याचीही वेळ आली नाही. लिलावकर्ता 'पुढचा लॉट' म्हणत चार वेळा पुढे गेला. माझ्या हातातल्या फोनवरच्या बाई 45 साठी थांबल्या होत्या, पण तोपर्यंत त्यांनी विचारले, 'कोणालाच नको आहे का?' आणि त्यांनीही बोली लावली नाही. सारख्याच वस्तू एकामागून एक लिलावात आल्या की पुढच्यांच्या किमती उतरत जाण्याकडे कल असतो, हे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी 1989 साली वाइनच्या लिलावांवरून दाखवले होते. चित्रे बाटल्यांसारखी एकसारखी नसतात, पण एका चित्रकाराच्या ग्राहकांची ओंजळ तेवढीच असते.

न विकलेले चित्र नुसते परत घरी येत नाही. मोठ्या आणि मध्यम संस्थांचे निकाल आर्टनेट, आर्टप्राइस यांसारख्या किमतींच्या नोंदसंग्रहांत जातात आणि तिथे 'विकले गेले नाही' हेही नोंदले जाते. अशा चित्राला त्या व्यवसायात 'भाजलेले' म्हणतात. पुढची काही वर्षे ते पुन्हा लिलावात उभे करणे अवघड होते. प्रदर्शनात न विकलेल्या चित्राची कोणी अशी वही ठेवत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष लिलावासाठी दोन, फार तर तीन चित्रे द्या, ती तुमच्या सर्वांत चांगल्या कामांपैकी असू द्या, आणि ती कॅटलॉगमध्ये एकमेकांपासून अंतरावर लावावीत अशी लेखी विनंती करा. घरात उरलेले काम काढून टाकण्याची जागा म्हणून लिलावाकडे पाहण्याचा मोह अनेकांना होतो. बोली लावणाऱ्यांना ते लगेच कळते.

राखीव किमतीबाबत नियम साधा आहे. संस्था चित्राच्या किमतीचा खालचा आणि वरचा असा अंदाज छापते, आणि राखीव किंमत खालच्या अंदाजाहून जास्त ठेवता येत नाही. ती गुप्त असते. चित्रकारांची नेहमीची चूक अशी की ते अंदाज वर ढकलायला सांगतात. कमी अंदाज पाहून तीन माणसे बोली लावायला येतात, मोठा अंदाज पाहून एकही येत नाही. म्हणून अंदाज मनाला थोडा लागेल इतका खाली असू द्यावा, पण राखीव किंमत मात्र अशी असावी की त्या किमतीला चित्र गेले तर तुम्हाला पश्चात्ताप होणार नाही. ती ठरवताना हातात काय येणार याचा हिशेब आधी करा. समजा हातोडा 100 वर पडला, म्हणजे शेवटची बोली 100 ठरली. विक्रेत्याचे कमिशन 15 टक्के असेल तर उरले 85. त्यातून छायाचित्रण, विमा आणि वाहतूक वजा झाली की 75 ते 80 च्या आसपास रक्कम तुमच्यापर्यंत पोहोचते. त्याच वेळी खरेदीदार हातोड्याच्या किमतीवर वेगळे शुल्क भरतो. सदबीज आणि क्रिस्टीज यांनी हे शुल्क 1975 साली 10 टक्क्यांनी सुरू केले. आज ते अनेक ठिकाणी 20 टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे ज्या चित्राचे तुम्हाला 75 मिळाले त्याला खरेदीदाराने 120 ते 125 मोजलेले असतात, आणि बोली लावताना त्याच्या मनात हा 125 चा आकडा असतो. तुमच्या प्रदर्शनातली किंमत 100 असेल तर तिथला जाणकार ग्राहक लिलावात 80 च्या वर जाणार नाही, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

करारपत्र वाचताना पहिल्यांदा न विकलेल्या चित्राचे कलम शोधा, कारण बहुतेक जण तेच वाचत नाहीत. चित्र न गेल्यास काही शुल्क आकारले जाते का, ते किती दिवसांत उचलावे लागते आणि उशीर झाल्यास साठवणुकीचे भाडे कोण भरते, हे तिथे असते. त्याच्या आसपासच लिलावानंतरच्या विक्रीचे कलम असते: न विकलेले चित्र काही आठवड्यांपर्यंत खासगी रीतीने विकण्याचा हक्क संस्था स्वतःकडे ठेवते. हे गैर नाही, पण किमान किंमत तुमच्या लेखी संमतीवाचून ठरू नये. काही करारांत लिलावकर्त्याला राखीव किमतीहून थोडे, बहुधा 10 टक्क्यांपर्यंत, खाली विकण्याची मुभा असते. ती मान्य नसेल तर ते वाक्य खोडून दोघांनी सही करावी. लिलावाआधी तुम्ही चित्र परत मागितल्यास बसणारा दंड, खरेदीदाराने पैसे बुडवल्यास पुढे काय, आणि तुमचे पैसे किती दिवसांत मिळतील, ही तीन उत्तरे लेखी घ्या. पैसे मिळायला साधारण महिना-दीड महिना लागतो असे धरून चाला. चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट, म्हणजे प्रती काढण्याचा हक्क, बहुतेक देशांत चित्रकाराकडेच राहतो, तेव्हा छायाचित्र वापरण्याची परवानगी कॅटलॉग आणि त्या लिलावाची जाहिरात एवढ्यापुरतीच द्या. पुनर्विक्री झाल्यावर चित्रकाराला वाटा देण्याची तरतूद फ्रान्सने 1920 सालीच केली आणि पुढे अनेक देशांनी. तुमच्या भागात ती असल्यास प्रत्येक विक्रीची पावती आणि चित्राच्या मागील नोंद पुढे कामी येते.

भाच्याच्या योजनेचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. राखीव किंमत न ठेवता अगदी खालून बोली सुरू करणे यात बेकायदा काही नाही. ज्यांच्यामागे शेकडो नियमित पाहणारे आहेत अशा, लहान आकाराची चित्रे सातत्याने विकणाऱ्या चित्रकारांना ते साधतेही. तुमच्यामागे ती गर्दी आज नाही. शिवाय नगण्य किमतीला गेलेले एक चित्र, ज्यांनी तुमच्याकडून पूर्ण किंमत देऊन चित्रे घेतली त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणार आहे.

दुसरा भाग, म्हणजे मित्रांकडून बोली लावून घेणे, हा मात्र सरळ लबाडीचा प्रकार आहे आणि अनेक देशांत गुन्हा आहे. 2000 सालच्या मे महिन्यात ईबेवर एका अमूर्त चित्राची बोली 25 सेंटला सुरू झाली. विक्रेत्याने ते अडगळीतले जुने चित्र असल्याचा आव आणला होता आणि रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराची आद्याक्षरे छायाचित्रात दिसतील अशी व्यवस्था केली होती. बोली 1,35,805 डॉलरपर्यंत गेली. मग विक्रेत्यानेच दुसऱ्या नावाने बोली लावल्याचे उघड झाले, विक्री रद्द झाली, आणि तपासात साथीदारांनी खोट्या नावांनी अनेक चित्रांच्या किमती फुगवल्याचे निघून पुढच्या वर्षी फौजदारी खटला दाखल झाला. तुमचा भाचा असा कोणी ठग नाही, तो आत्याच्या किंवा मावशीच्या प्रेमापोटी बोलतो आहे, हे मी समजू शकते; पण संकेतस्थळाला आणि कायद्याला प्रेमाचा फरक कळत नाही. आणि हवा करताना त्याची बोलीच शेवटची ठरली, तर तुमचेच चित्र कमिशन भरून घरी येईल.

ऑनलाइन लिलाव मी तरीही वर्ज्य मानत नाही. जलरंगातील लहान चित्रे, जी कुरिअरने सुखरूप जाऊ शकतात आणि जी घेण्यासाठी माणसाला फार दिवस विचार करावा लागत नाही, त्यांना तो योग्य आहे. संकेतस्थळ निवडताना बोली बंद कशी होते ते पाहा. काही ठिकाणी घड्याळ ठरलेल्या क्षणी थांबते, तर काही ठिकाणी शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढतो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवले की घड्याळ ठाम असेल तर लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसतात, आणि वेळ वाढत असेल तर हे प्रमाण बरेच कमी होते. चित्रासारख्या वस्तूसाठी मी वेळ वाढणारी पद्धत पसंत करीन, कारण तिच्यात हरणाऱ्याला पुन्हा विचार करण्याची संधी मिळते आणि आपल्याला हवी असते ती नेमकी हीच.

ऑनलाइन ग्राहक चित्र हातात घेऊ शकत नाही, त्यामुळे छायाचित्रावर कंजुषी नको. चित्र भिंतीला समांतर लावून दोन्ही बाजूंनी 45 अंशांत सारखा प्रकाश टाका आणि एका छायाचित्रात कडेला रंगपट्टी ठेवा. मग एक दिवा बंद करून दुसरा जवळजवळ भिंतीला टेकवून आणखी एक छायाचित्र घ्या. त्या तिरप्या प्रकाशात तैलरंगाचे उंचवटे, चाकूचे फटके, कॅनव्हासला पडलेला पोक, सगळे दिसते. दोषही दिसतात आणि ते दिसू द्यावेत. स्थितीच्या वर्णनात तेच शब्दांत लिहावेत. सही, कडा आणि पाठीमागची बाजू यांची छायाचित्रे वेगळी द्या. वर्णनात 'मनाचा तरल आविष्कार' लिहिण्यापेक्षा माध्यम, आधार (कॅनव्हास की कागद), सेंटिमीटरमध्ये माप, साल, फ्रेम आहे की नाही आणि आधी कुठे प्रदर्शित झाले, एवढे लिहिले तरी पुरे. पाठवताना बुडबुड्यांचे प्लॅस्टिक रंगाच्या पृष्ठभागावर थेट गुंडाळू नका. उष्णतेत त्याचे गोल ठसे रंगावर उठतात. आधी गुळगुळीत आम्लमुक्त कागद, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, मग ते प्लॅस्टिक. जाड थराचे तैलचित्र पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पाठवूच नये.

तेव्हा तुमच्यापुरते मी असे सुचवीन. संस्थेला दोन तैलचित्रे द्या, आणि दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाला लिलावाच्या तीन आठवडे आधी स्वतः पत्र लिहून कोणत्या लॉट क्रमांकावर तुमचे चित्र आहे ते कळवा. त्यांना बोली लावा असे म्हणू नका. लिलावाआधी चित्रे मांडतात त्या पूर्वप्रदर्शनाला या, एवढेच म्हणा. चार-पाच लहान जलरंगचित्रे भाच्याच्या मदतीने ऑनलाइन लावा, एका वेळी एक, महिन्याच्या अंतराने, आणि प्रत्येकावर राखीव किंमत ठेवून. उरलेल्या चित्रांच्या किमती लिलावाच्या निकालावरून लगेच वर किंवा खाली करू नका. एका संध्याकाळी दोन उत्साही माणसे भेटली किंवा पाऊस पडून कोणी आलेच नाही, यावर 22 वर्षांच्या कामाची किंमत ठरत नसते.

आणि सभागृहात जरूर बसा, पण मागच्या रांगेत, कॅटलॉग आणि पेन्सिल घेऊन. आपल्या लॉटपर्यंत थांबताना इतरांच्या लॉटवर किती हात वर होतात ते समासात टिपत राहा, म्हणजे वेळ जातो आणि सवयही होते. तुमच्या चित्राच्या वेळी सुरुवातीच्या एक-दोन बोली कोणी लावल्या ते दिसले नाही तर गोंधळू नका. राखीव किमतीच्या खाली लिलावकर्ता विक्रेत्यातर्फे बोली पुढे सरकवू शकतो आणि तसे नियमांत छापलेले असते. राखीव किंमत ओलांडल्यावरचे हात तेवढे मोजा. हातोडा पडल्यावर बहुतेक चित्रकार जिंकणाऱ्याकडे पाहतात. तुम्ही शेवटपर्यंत लढून हरलेल्या माणसाकडे पाहा. त्याचे नाव संस्था तुम्हाला सांगणार नाही आणि सांगूही नये, पण पुढच्या प्रदर्शनाचे निमंत्रण बंद पाकिटात संस्थेच्या कचेरीत देऊन ते त्याला पोहोचते करण्याची विनंती तुम्ही दुसऱ्याच दिवशी करू शकता.